पोटातलं बाळ रिटर्नमधे दाखवता येतं का?

जुलै आला की या सदराकडे पत्रांचा ढीग लागतो, बहुतेक सगळी फॉर्म सोळा, एचआरए आणि रिफंड कधी येणार याचीच. यावेळी मुलुंडच्या एका वाचक बाईंनी भलताच प्रश्न टाकला आणि ढिगात शोधलं तर त्याच विषयाच्या आसपासची अजून तीन पत्रं सापडली, म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. एचआरएवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा दम धरा.

प्रश्न : नमस्कार ताई, माझी नणंद आणि तिचे मिस्टर अटलांटाला असतात. तिला सहावा चालू आहे. परवा व्हिडिओ कॉलवर आमचे जावईबापू म्हणाले की इकडे डिलिव्हरीच्या आधीच बाळ टॅक्समधे दाखवता येतं, गर्भपाताच्या नव्या कायद्यामुळे. माझे मिस्टर म्हणतात थापा मारतोय. आता मलाही पाचवा लागलाय, आम्ही दोघं नोकरी करतो आणि ह्यांचा टॅक्स भरपूर कापला जातो, तर इथे असं काही दाखवता येतं का? आणि तिकडचं खरं आहे का ते पण सांगा, घरात पैज लागलीये. (मुलुंड पूर्व)

उत्तर : पैज जावईबापूंनी जिंकली, पण त्यांना स्वतःला त्याचा यंदा काही उपयोग नाही.

अटलांटा येतं जॉर्जिया राज्यात. तिथे 2019 मधे कायदा केला की सोनोग्राफीत गर्भाची धडधड दिसायला लागली, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यापासून, की पुढे गर्भपात बंद, थोडे अपवाद सोडून. गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी सही केली पण तो कोर्टात अडकून पडला कारण तेव्हा गर्भपाताचा हक्क देणारा रो विरुद्ध वेड हा 1973 चा निकाल आड येत होता. 24 जून 2022 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने डॉब्स केसमधे तो निकालच रद्द केला आणि महिन्याभरात, 20 जुलैला, जॉर्जियाचा कायदा लागू झाला. आता गंमत अशी की त्या कायद्यात नुसती बंदी नाहीये, पोटातला गर्भ ही व्यक्ती आहे असं त्यात लिहून ठेवलंय, आणि एकदा व्यक्ती म्हटलं की मग ती राज्याच्या लोकसंख्येत धरा, बापाकडून तिचा खर्च मागा, आणि टॅक्समधे अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून दाखवा, हे सगळं ओघाने आलंच. ऑगस्ट 2022 मधे तिथल्या महसूल खात्याने रीतसर जाहीर केलं की धडधड असलेल्या प्रत्येक गर्भामागे 3,000 डॉलरची सूट, आणि खात्याने विचारलं तर डॉक्टरचे कागद दाखवायची तयारी ठेवा.

3,000 डॉलर ऐकून तुमच्या मिस्टरांचे डोळे चमकतील म्हणून आधीच सांगते, ही सूट उत्पन्नातून वजा होते, टॅक्समधून नाही. 2022 ला जॉर्जियाचा सगळ्यात वरचा दर होता 5.75 टक्के, म्हणजे हातात जास्तीत जास्त 172 डॉलर आणि वर चिल्लर. तिकडच्या बाळंतपणाच्या बिलासमोर हे काहीच नाही. तेव्हा ही सवलत पोटुशा बायकांच्या सोयीसाठी काढली असं मला तरी वाटत नाही, गर्भ म्हणजे व्यक्ती हे जितक्या जास्त कायद्यांमधे लिहून घेता येईल तितकं घ्यायचं, त्यातला हा टॅक्सचा तुकडा. आणि लगेच पुढचे प्रश्न आलेच की, सातव्या आठवड्यात गर्भ राहिला नाही तर काय? सूट घेतलेली बाई पुढच्या वर्षी बाळाशिवाय दिसली तर तिची चौकशी लागणार का? टॅक्सचा फॉर्म हा बाईच्या गरोदरपणाचा सरकारी पुरावा होऊन बसतो, हे मला सगळ्यात खटकतं. त्याच उन्हाळ्यात टेक्सासमधे डॅलसजवळ एका गरोदर बाईला दोन माणसं असतील तरच जायच्या लेनमधून एकटी गाडी चालवते म्हणून पोलिसांनी अडवलं, तर ती पोटाकडे बोट दाखवून म्हणाली दुसरं माणूस हे काय! पोलिसाने पावती फाडलीच, पण तिचा मुद्दा चुकीचा होता असं तिथल्या सरकारला छातीठोकपणे सांगता येईना.

आता अर्धी गोष्ट. हे सगळं राज्याच्या टॅक्सचं. अमेरिकेत केंद्राचा टॅक्स वेगळा आणि मोठा, आणि तिथे पोटातलं बाळ अजिबात चालत नाही. मूल जिवंत जन्माला आलंच पाहिजे. 31 डिसेंबरला रात्री बारा वाजायच्या आधी जन्मलं तर पूर्ण वर्षाचा फायदा, जन्मून थोडा वेळच जगलं तरी ते धरतात, पण मृत जन्मलेलं धरत नाहीत. 1994 मधे एका जोडप्याने पोटातल्या बाळासाठी केंद्राकडे सूट मागितली होती, कोर्टाने नाही म्हणून सांगितलं. आणि तुमच्या नणंदेचं म्हणाल तर तिकडचं टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, तिला आता सहावा आहे म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बाळ मांडीवर असेल, मग ते नेहमीसारखंच दोन्हीकडे दाखवता येईल. पोटातल्या सवलतीचा उपयोग मुख्यतः ज्यांचं 31 डिसेंबरला अजून पोटातच आहे त्यांना. तेव्हा पैजेचं जेवण जावईबापूंना द्या, पण थाळीच द्या, बुफे नको.

राहिलं तुमचं. आपल्याकडे पोटातलं सोडाच, जन्मलेलं मूलसुद्धा रिटर्नमधे वजावट म्हणून दाखवता येत नाही. आपला टॅक्स माणसागणिक, नवऱ्याचा वेगळा बायकोचा वेगळा, एकत्र रिटर्न नाही आणि घरात किती तोंडं आहेत याच्याशी खात्याला देणंघेणं नाही. वजावटी मिळणाऱ्या जुन्या करपद्धतीत शाळेची ट्यूशन फी दोन मुलांपर्यंत दीड लाखाच्या त्या प्रसिद्ध वजावटीत बसते, पण मूल शाळेत जाईपर्यंत तुम्हाला तीन वर्षं आहेत आणि नवीन पद्धतीत असाल तर तेही नाही. मुलांच्या शिक्षणाचा म्हणून पगारात जो भत्ता सुटायचा तो कित्येक वर्षं मुलामागे महिन्याला फक्त 100 रुपये होता, शंभर! मुंबईत बालवाडीच्या फॉर्मला सुद्धा त्याहून जास्त घेतात. तुमच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट टॅक्समधे नाही, नोकरीत आहे. पहिल्या दोन बाळांपर्यंत 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, तिचा अर्ज वेळेवर टाका.

प्रश्न : आपल्या सदराचा मी जुना वाचक. माझ्या लहानपणी गिरगावातल्या आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा धाकट्या काकू गरोदर होत्या म्हणून येणाऱ्या मुलाचा विचार करून एक वाटा बाजूला ठेवला होता, हे मला पक्कं आठवतं. म्हणजे आपला कायदा पोटातल्या जिवाला मानतो. मग त्याच देशात गर्भपाताला परवानगी देणारा कायदा कसा? मालमत्तेसाठी जीव आहे आणि जगण्यासाठी नाही, हा दुटप्पीपणा नाही का? अमेरिकेतल्या त्या राज्यांची निदान सरळ भूमिका तरी आहे. (गिरगाव, वय 76)

उत्तर : काका, तुमची आठवण अगदी बरोबर आहे. जुन्या हिंदू कायद्यात वाटणीच्या वेळी बाई गरोदर आहे हे माहीत असेल तर पोटातल्या मुलाचा वाटा ठेवायचा, नाही ठेवला तर जन्मल्यावर वाटणी पुन्हा उघडता येते. हिंदू वारसा कायदा 1956 चा, त्याचं कलम 20 हेच सांगतं की माणूस गेला तेव्हा जे मूल गर्भात होतं ते जन्मल्यावर, जणू आधीच जन्मलं होतं असं समजून, वारस होतं. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा तर अजून जन्माला न आलेल्या माणसाच्या फायद्यासाठी मालमत्ता लावून ठेवायची सोय देतो. मुदतीच्या कायद्यातही दावा लावायच्या मुदतीसाठी अल्पवयीन मुलांमधे गर्भातलं मूल धरलंय.

पण या सगळ्यांत एक अट आहे आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या अटीत आहे. मूल जिवंत जन्मलं पाहिजे. जन्मलं की हक्क मागे जाऊन लागतो, नाही जन्मलं तर कधी हक्क नव्हताच असं धरतात, तुमच्या काकूंसाठी ठेवलेला वाटा तसं झालं असतं तर परत सगळ्यांत वाटला गेला असता. म्हणजे कायद्याने पोटातल्या गर्भाला मालक केलेलं नाही, उद्या जन्मणाऱ्या मुलाचं नुकसान होऊ नये म्हणून जागा राखून ठेवलीये, एसटीत खिडकीला रुमाल टाकतो तशी. रुमालाला कोणी तिकीट मागत नाही.

आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. तुम्हाला आवडेल अशी एक केस आहे, आम्हा सीए लोकांच्या अभ्यासात असते, टी. एस. श्रीनिवासन विरुद्ध आयकर आयुक्त, मद्रास, सुप्रीम कोर्ट, 1966. श्रीनिवासन यांना घराण्याच्या वाटणीत मालमत्ता मिळालेली. पुढे त्यांना मुलगा झाला. मुलगा झाल्यावर ते उत्पन्न हिंदू अविभक्त कुटुंबाचं (टॅक्ससाठी माणसापासून वेगळं धरतात त्या एकत्र कुटुंबाचं) धरायचं याबद्दल वाद नव्हता, वाद होता आधीच्या महिन्यांचा. त्यांचं म्हणणं, हिंदू कायद्यात गर्भातला मुलगा जन्मलेल्या मुलासारखाच, मग गर्भ राहिला त्या दिवसापासून माझं एकट्याचं उत्पन्न संपलं आणि कुटुंबाचं सुरू झालं, टॅक्स तसा लावा. म्हणजे बघा, जॉर्जियाच्या कितीतरी आधी आपल्याकडे हाच प्रश्न कोर्टात जाऊन आला! सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गर्भातल्या मुलाला जन्मलेल्यासारखं धरायचं ते तत्त्व सगळीकडे लावायचं नसतं, ते मुख्यतः मुलाचे मालमत्तेतले हक्क सांभाळण्यासाठी आहे, आयकराच्या रचनेत ते बसत नाही. जन्म झाला तेव्हापासून कुटुंब, त्याआधी तुम्ही एकटे. व्यवहारात विचार करा, मार्चमधे वर्ष संपतंय आणि टॅक्सच्या साहेबाने आकारणी करायची, तर त्याने काय घरोघरी जाऊन कोणाला दिवस गेलेत का विचारायचं? आणि जुळं झालं किंवा काहीच झालं नाही तर पुन्हा फाईल उघडायची?

आता गर्भपाताचा कायदा. तो 1971 चा, लागू झाला 1 एप्रिल 1972 ला, आणि त्याच्या मागे जी समिती होती तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह, आपल्या महाराष्ट्राचेच मंत्री राहिलेले. समिती नेमली 1964 मधे, कारण चोरून, कुठेतरी दाईकडे नाहीतर भोंदूकडे जाऊन बायका मरत होत्या. जीव कधी सुरू होतो या वादातून तो कायदा आला नाही, बाया मरतायत यातून आला. आणि तो काही सरसकट मोकळीक पण देत नाही हे लोकांना माहीत नसतं, आपल्या फौजदारी कायद्यात गर्भपात करणं आजही गुन्हाच आहे, 1971 चा कायदा म्हणजे त्यातली पळवाट नव्हे, पण अपवाद. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना 24 पर्यंत दोन डॉक्टरांचं, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. ही दुरुस्ती व्हावी म्हणून आपल्या मुंबईतूनच धडपड झाली, 2008 मधे इथल्या एका जोडप्याने 24 आठवडे उलटून गेल्यावर बाळाच्या हृदयातला दोष कळला म्हणून डॉक्टरांना घेऊन हायकोर्ट गाठलं होतं, कोर्टाने परवानगी दिली नाही. ऑक्टोबर 2023 मधे सुप्रीम कोर्टानेही 26 आठवडे झालेल्या एका विवाहित बाईला नकार दिला. तेव्हा गर्भाचा विचारच होत नाही असं नाहीये काका, जसजसे आठवडे वाढतात तसतसा तो जास्त होतो.

आपल्याकडे खरी लाज वाटावी अशी गोष्ट वेगळी आहे, मुलगी आहे कळलं म्हणून पाडणं. त्याविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने केला, 1988 ला, देशाचा नंतर 1994 ला आला. त्या कायद्यांनी गर्भाला व्यक्ती म्हटलं नाही, लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला धरलं. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

आणि सरळ भूमिकेचं म्हणाल तर आयर्लंडने घेतली होती, 1983 मधे घटनेतच लिहिलं की आईचा आणि गर्भाचा जगण्याचा हक्क सारखा. 2012 च्या ऑक्टोबरात आपल्या बेळगावची डॉक्टर सविता हलप्पनवार तिथे सतरा आठवड्यांची गरोदर असताना हॉस्पिटलमधे गेली, गर्भ वाचणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं, तिने गर्भपात करा म्हणून सांगितलं, पण गर्भाची धडधड चालू आहे म्हणून डॉक्टर थांबले, आणि जंतुसंसर्ग होऊन 28 ऑक्टोबरला ती गेली, 31 वर्षांची. 2018 मधे आयर्लंडच्या लोकांनी 66 टक्के मतांनी ते कलम काढून टाकलं. तुम्ही मला पुन्हा लिहा, मला तुमच्याशी वाद घालायला आवडेल, पण हे वाचून मग लिहा.

प्रश्न : ताई, नाव छापू नका. मला दोन मुलं आहेत, धाकटी तीन वर्षांची. कॉपर टी असूनही दिवस गेले, आता अकरावा आठवडा आहे. मिस्टर बोटीवर असतात, फोनवर आमचं दोघांचं ठरलंय की नको. पण इथल्या एका नर्सिंग होममधे म्हणाले नवऱ्याची समोर सही पाहिजे, नाहीतर सासू-सासऱ्यांपैकी कोणी या. सासूबाईंना सांगायचं नाहीये. ते येईपर्यंत अजून दोन महिने जातील. सही लागतेच का? ऑफिसमधे सुट्टीचं काय सांगू? आणि बिल टॅक्समधे दाखवता येईल का? (लालबाग)

उत्तर : नाही लागत. कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची लेखी संमती एवढीच आहे, नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच नाही. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची सही. नर्सिंग होमवाले स्वतःची कातडी वाचवायला मागतात, उद्या नवरा येऊन भांडला तर कोण निस्तरणार म्हणून, पण दोन महिने थांबू नका. संततिनियमनाचं साधन फेल गेलं हे कारण कायद्यात स्पष्ट लिहिलंय, आणि 2021 पासून त्यात नवरा हा शब्द जाऊन जोडीदार आलाय, म्हणजे लग्न झालेलं असो वा नसो. 2022 च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने पण लग्न न झालेल्या बाईला वेगळा न्याय लावता येणार नाही असं सांगितलं.

मान्यता असलेल्या दुसऱ्या ठिकाणी जा, महापालिकेची केईएम, नायर, सायन ही हॉस्पिटलं आहेतच. तुमच्या बाबतीत कॉपर टी आत आहे की सरकली हे आधी बघावं लागेल, म्हणून केमिस्टकडून गोळ्या आणून घरी घेण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका, कोणी मैत्रिणीने सांगितलं तरी. तुमचं नाव कोणाला कळवायला डॉक्टरला बंदी आहे, तो सुद्धा गुन्हा धरलाय.

सुट्टीचं बहुतेक बायकांना माहीतच नसतं. मॅटर्निटी बेनिफिटच्या तरतुदींमधे मिसकॅरेज किंवा डॉक्टरने कायद्याने केलेला गर्भपात यासाठी सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे, ती सिक लीव्हमधून कापायची नाही. फक्त त्यासाठी ऑफिसात दाखला द्यावा लागतो, तो कोणाकोणाच्या हातात जाईल याचा अंदाज घेऊन तुम्हीच ठरवा, एचआरच्या एकाच व्यक्तीला बंद पाकिटात देता आला तर बघा.

बिलाचं उत्तर छोटं आहे. स्वतःच्या खिशातून भरलेलं हॉस्पिटलचं बिल, बाळंतपणाचं असो की गर्भपाताचं, तुमच्या वयात टॅक्समधून वजा होत नाही. मेडिक्लेमचा हप्ता होतो, तो पण जुन्या पद्धतीतच.

प्रश्न : माझ्या सुनेला आठवा आहे. मला रिटायरमेंटचे थोडे पैसे आलेत, होणाऱ्या नातवंडाच्या नावे आत्ताच पाच लाखांची एफडी करून बारशाला पावती द्यायची इच्छा आहे. बँकेत म्हणाले नाव आणि जन्मदाखला आणा. नाव पोटात असताना कुठून आणू? काही मार्ग आहे का? (बोरिवली पश्चिम)

उत्तर : आजी, बँकेचं बरोबर आहे, जन्माआधी ना दाखला ना पॅन ना खातं. न जन्मलेल्या नातवंडासाठी ट्रस्ट करता येतो, पण पाच लाखांसाठी तो उपद्व्याप कोणी सांगितला तर त्याला हात जोडा, कारण लाभ नक्की कोणाला मिळणार हे ठरलेलं नसलं की अशा ट्रस्टवर बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या दराने टॅक्स बसतो.

आत्ता एफडी स्वतःच्या नावाने करा, ज्येष्ठ नागरिक म्हणून व्याज पण थोडं जास्त मिळेल. नातवंडाला नंतर दिलेत तरी आजीकडून आलेल्या भेटीवर टॅक्स नाही. पण एक लक्षात ठेवा, पैसे एकदा बाळाच्या नावे झाले की त्याचं व्याज तुमच्या मुलाच्या किंवा सुनेच्या, ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात, आणि जुन्या पद्धतीत त्यातले वर्षाला फक्त 1,500 रुपये सुटतात. मुलगा तीस टक्क्यांच्या स्लॅबमधे असेल तर व्याजाचा मोठा घास तिकडेच जाईल. त्यापेक्षा एफडी तुमच्याच नावावर राहू दे आणि जन्मदाखला आला की बाळाला नॉमिनी करा. मुलगी झाली तर मात्र तिच्या आईवडिलांना सुकन्या समृद्धीचं खातं उघडायला सांगा, त्याचं व्याज करमुक्त आहे, फक्त वर्षाला दीड लाखच भरता येतात. मुलगी की मुलगा ते बाळ आल्यावर ठरवू, आधी कोणी कानात सांगायला आलं तर ऐकू नका.